मिस बेट्स बोलत होत्या

जेन ऑस्टिनची ‘एमा’ ही इंग्रजी कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती टी. वाय.ला असताना. पुस्तक शेवटपर्यंत गेलं, पण मिस बेट्स बोलायला लागल्या की मी पान उलटायचे. त्यांचं बोलणं छापील पानावर दुरूनच ओळखू येतं. परिच्छेद न तुटता खाली वाहत जातो, मधेमधे आडव्या रेघा, उद्गारचिन्हं, आणि पहिल्या वाक्यात सुरू झालेली गोष्ट चौथ्या वाक्यात तिसऱ्याच कुणाच्या घरी पोचलेली असते. परीक्षेत त्यांच्यावर टीप आली तर ‘विनोदी पात्र’ असं लिहायचं, हे आम्हा मुलींचं ठरलेलं होतं. मी तसंच लिहिलं आणि मार्कही मिळाले.

गेल्या पावसाळ्यात तीच कादंबरी पुन्हा वाचली. या वेळी एकही ओळ गाळली नाही. त्याला कारण माझी आत्या. तिच्याकडे मी येणार आहे, पण आधी पुस्तकाबद्दल सांगते, कारण ते पुस्तक कसं लिहिलंय हे सांगितल्याशिवाय आत्याची गोष्ट मला सांगता येणार नाही.

जेन ऑस्टिननं 21 जानेवारी 1814 रोजी ‘एमा’ लिहायला घेतली आणि 29 मार्च 1815 रोजी संपवली. या तारखा तिच्या बहिणीनं, कॅसँड्रानं, टिपून ठेवल्या आहेत. त्याच काळात ॲना नावाच्या भाचीला लिहिलेल्या पत्रात तिनं म्हटलंय की खेड्यातली तीन-चार कुटुंबं मिळाली की कादंबरीला आणखी काही लागत नाही. ‘एमा’मध्ये तेवढंच आहे. हायबरी हे लंडनपासून सोळा मैलांवरचं एक मोठं खेडं. तिथं हार्टफील्ड नावाच्या घरात एमा वुडहाउस आणि तिचे वडील राहतात. वडिलांना वाऱ्याची, ओल्या रस्त्याची, केकची, कुणाच्याही लग्नाची भीती वाटते. आल्यागेल्याला ते ओटची पातळ पेज घ्यायचा आग्रह करतात. एमा एकवीस वर्षांची व्हायची आहे, तीस हजार पौंडांची वारस आहे, आणि गावात तिला ‘नाही’ म्हणणारा एकच माणूस आहे: शेजारच्या डॉनवेल ॲबीचा मालक जॉर्ज नाइटली. लिहायला बसण्यापूर्वी ऑस्टिननं घरच्यांना सांगितलं होतं की माझ्याखेरीज कुणालाच फारशी आवडणार नाही अशी नायिका मी घेते आहे.

पहिलं वाक्य प्रसिद्ध आहे. देखणी, हुशार आणि श्रीमंत, सुखाचं घर आणि आनंदी स्वभाव लाभलेली एमा वुडहाउस, आयुष्यातली काही उत्तमोत्तम वरदानं तिच्या ठायी एकवटलेली वाटत होती. एकवटली होती असं ऑस्टिन लिहीत नाही, ‘वाटत होती’ असं लिहिते. पुढची पंचावन्न प्रकरणं या दोन शब्दांतून निघाली आहेत असं मला वाटतं. वाटत होती कुणाला? गावाला वाटत होती, एमाला स्वतःला वाटत होती, आणि त्या पहिल्या ओळीवर आपण इतक्या सहज मान डोलावतो की आपल्यालाही तसंच वाटायला लागतं.

ही सगळी किमया निवेदनाची आहे. एमाला लग्नं जुळवायची हौस. आईबापांचा ठावठिकाणा नसलेली सतरा वर्षांची हॅरिएट स्मिथ तिच्या हाती लागते. हॅरिएटला एका भल्या शेतकऱ्यानं मागणी घातलेली असते. एमा तिला नकार द्यायला लावते, कारण तिच्या मनात हॅरिएटसाठी गावचा व्हिकर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, एल्टन आहे. एमानं काढलेलं हॅरिएटचं चित्र एल्टन फ्रेम करून आणायला हौसेनं लंडनला घेऊन जातो, आणि एमाला खात्री पटते की हा हॅरिएटच्या प्रेमात आहे. मग नाताळच्या आदल्या रात्री, बाहेर बर्फ पडत असताना, परतीच्या घोडागाडीत एल्टन एमाचा हात धरून तिलाच मागणी घालतो. घरी आल्यावरचा परिच्छेद असा सुरू होतो:

“केस कुरळे करून झाले, दासीला जायला सांगितलं, आणि एमा विचार करत दुःखी व्हायला बसली. काय भयंकर प्रकार होता हा! जे जे मनात धरलं होतं ते सगळं असं उलथंपालथं!”

पहिलं वाक्य निवेदिकेचं आहे, त्यात शंका नाही. ‘दुःखी व्हायला बसली’ यात तर ती थोडं दूर उभी राहून बघते आहे. केस नीट झाल्यावर, ठरवून, एखादं काम घ्यावं तसं एमानं दुःख घेतलंय. पण दुसरं वाक्य कुणाचं? अवतरणचिन्हं नाहीत, ‘ती मनाशी म्हणाली’ नाही. शब्दांतला चडफडाट एमाचा, व्याकरण मात्र निवेदिकेचं. इंग्रजी समीक्षेत याला ‘फ्री इनडायरेक्ट स्टाइल’ म्हणतात. कादंबरीचा बहुतेक सगळा भाग असा दोन आवाजांच्या मधल्या जागेत लिहिलेला आहे.

हा परिच्छेद मराठीत करताना मी एक अख्खी दुपार घालवली. आपल्याकडे दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळ बदलावा लागत नाही. ‘तो म्हणाला, मी येतो’, बस. माणसाच्या तोंडचे शब्द तसेच्या तसे उचलून ठेवता येतात. इंग्रजीत ते वाक्य निवेदकाच्या हातून जाताना भूतकाळात ढकललं जातं, आणि ‘तिला वाटलं’ हे शब्द गाळले तरी त्या ढकलण्याची खूण मागे उरते. मराठीत ‘काय भयंकर प्रकार आहे हा’ असं लिहिलं तर ते निव्वळ एमाचं होतं. ‘तो प्रकार भयंकर होता’ असं लिहिलं तर निव्वळ निवेदिकेचं. शेवटी ‘काय भयंकर प्रकार होता हा’ यावर मी थांबले. त्यातला ‘होता’ निवेदिकेचा आहे आणि ‘हा’ एमाचा. ते सापडलं तेव्हा मला किती आनंद झाला हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

आपल्या भाषेत आणखी एक फार सोयीचा शब्द आहे: म्हणे. ‘एमा म्हणे हॅरिएटचं भलं करणार होती.’ एका शब्दात सांगणारा अंग काढून घेतो आणि ऐकणाऱ्याला डोळा मारतो. अनुवाद करताना तो शब्द सारखा पेनाच्या टोकाशी येत होता आणि प्रत्येक वेळी मी तो परतवला, कारण ऑस्टिन कुठेही ‘म्हणे’ म्हणत नाही. एमाची समजूत ती जणू वस्तुस्थितीच असावी अशी सांगते आणि पुढे जाते. सावध करायला कुणी नाही. म्हणून एल्टनच्या बाबतीत एमा फसते तेव्हा आपण हसतो खरं, पण आपल्यातले कितीजण तिच्याआधी सावध झालेले असतात? पहिल्या वाचनात मी नव्हते झाले.

आता मिस बेट्स. गावच्या दिवंगत व्हिकरची ही मुलगी, लग्न न झालेली, मध्यम वयाची. फार म्हाताऱ्या आईला सांभाळत एका धंदेवाईक कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. पॅटी नावाची एक मोलकरीण, एक छोटी बैठकीची खोली. कुणी डुकराच्या मांसाचा तुकडा पाठवतं, कुणी सफरचंदं. आणि जेन फेअरफॅक्स नावाची अनाथ भाची, दोघी मायलेकींचा जीव की प्राण, जिला आता मुलांना शिकवणारी गव्हर्नेस म्हणून परक्या घरी राबायला जावं लागणार आहे. मराठीत लिहिताना प्रश्न पडतो की या बाईंना ‘ती’ म्हणायचं की ‘त्या’. इंग्रजीला ही अडचणच नाही. एमाच्या मनातून लिहिलं तर ‘ती’ येतं, नाइटलींच्या तोंडून ‘त्या’. मी माझ्यापुरतं ‘त्या’ ठरवलंय.

त्या कशा बोलतात याचा एक नमुना देते. म्हाताऱ्या आईच्या चष्म्याच्या काडीची खिळी निघालीय. फ्रँक चर्चिल नावाचा, गावात पाहुणा आलेला देखणा तरुण ती बसवून देतोय. मिस बेट्स रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात एमाला बोलवायला आल्या आहेत, घरी आलेला नवा पियानो ऐकायला चला म्हणून. आणि सांगताहेत की आईला चष्मा घालताच येईना हो, खरं म्हणजे प्रत्येकाकडे दोन चष्मे असायला हवेत, जेनही तेच म्हणाली. सकाळी उठल्याबरोबर दुरुस्तीला टाकणार होते, पण एकामागून एक काहीतरी निघत गेलं, पॅटी सांगत आली की स्वयंपाकघरातलं धुराडं साफ करायला झालंय, मी म्हटलं पॅटी, वाईट बातम्या घेऊन माझ्याकडे येऊ नकोस, इथं तुझ्या मालकिणीच्या चष्म्याची खिळी निघालीय, तेवढ्यात भट्टीतून भाजलेली सफरचंदं आली, मिसेस वॉलिसनी पोराबरोबर पाठवली, फार चांगली माणसं आहेत ती…

असं दोन-दोन पानं. सर वॉल्टर स्कॉटनं ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये ‘एमा’वर निनावी परीक्षण लिहिलं. कादंबरीचं मोठेपण ओळखणारं ते पहिलं महत्त्वाचं लेखन. पण त्यातही त्यानं म्हातारे वुडहाउस आणि मिस बेट्स यांच्याबद्दल तक्रार केलीच: अशी माणसं सुरुवातीला गमतीची वाटतात, पण फार वेळ समोर राहिली की खऱ्या समाजात कंटाळा आणतात तसाच कथेतही आणतात. एवढ्या मोठ्या कादंबरीकाराचं आणि माझं, मिस बेट्सना कंटाळण्यावर, एकमत होतं.

आणि कादंबरीची गुपितं ऑस्टिननं नेमकी तिथंच ठेवली आहेत.

जूनमधली एक संध्याकाळ. सगळे फिरून परत येताहेत. फ्रँक सहज विचारतो की औषधवाले पेरी स्वतःची गाडी घेणार होते, त्याचं काय झालं? त्याची सावत्र आई चकित होते, असं काही तिनं ऐकलेलंच नसतं. तूच तर पत्रातून कळवलंस, तो म्हणतो. मी नाही कळवलं. मग स्वप्नात पाहिलं असेल, असं म्हणून तो वेळ मारून नेतो. त्यावर मागून मिस बेट्स बोलायला लागतात, अर्थातच पानभर, आणि त्या पानात हे आहे: पेरींच्या बायकोनं ही गोष्ट माझ्या आईला विश्वासात घेऊन सांगितली होती, आम्ही आणि गावातले कोल कुटुंबीय सोडून कुणालाच माहीत नव्हती, मी कुणाला बोलले नसेन, अर्थात मी बडबडी आहे, निसटलं असेल एखादे वेळी तोंडून, पण जेन माझ्यासारखी नाही, तिच्या तोंडून कधी काही जाणार नाही याची मी हमी देते. म्हणजे बातमी ज्या दोन घरांत होती त्यांतल्या कुणीतरी फ्रँकला पत्रं लिहिली होती. फ्रँक आणि जेन यांचं लग्न काही महिन्यांपूर्वी वेमथ नावाच्या गावी गुपचूप ठरलेलं आहे. सगळं उघड्यावर मांडून ठेवलंय, कंटाळ्याच्या पातळ कापडाखाली. नाइटलींची नजर त्या क्षणी जेनकडे वळते. एमा? एमा तेव्हा ऐकू येणार नाही इतकी पुढे निघून गेलेली असते. ऑस्टिननं ते एका वाक्यात नोंदवून ठेवलंय, आणि मीही तेव्हा पान उलटून तितकीच पुढे गेलेली होते.

आत्या मिरजेला राहते, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. लग्न केलं नाही, शाळेत शिकवलं, आजी-आजोबांचं सगळं केलं. गेली कित्येक वर्षं दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. अर्धा तास, कधी पाऊण. मी फोन स्पीकरवर टाकायचे आणि भाजी चिरायला घ्यायचे. हं, हो ना, अगं बाई, असं का, एवढे चार शब्द मला पुरायचे. ती काय बोलते हे विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, काही नाही, नेहमीचंच. खालच्या मजल्यावरच्यांचा नळ, तुळशीला आलेल्या मंजिऱ्या, बाजारातल्या गवारीचा भाव, कुणाच्या नातवाची मुंज.

मागच्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. काचबिंदू. डॉक्टरांनी तिला विचारलं, आधी काही जाणवत नव्हतं का आजी? दिव्याभोवती रंगीत कडं, संध्याकाळी डोकं दुखणं, असं काही? ती म्हणाली, हो की, चार-पाच महिने दिसत होतं. “हिला सांगितलं होतं मी.”

तक्रार म्हणून ती हे म्हणाली नव्हती. विचारलं म्हणून खरं उत्तर दिलं होतं. मी शेजारच्या खुर्चीवर होते.

आणि तिनं सांगितलं होतं. आठवायला बसल्यावर शब्द न् शब्द परत आला. तुळशीपुढे दिवा लावते ना, तर त्याच्याभोवती काय सुंदर कडं दिसतं अगं, इंद्रधनुष्य असावं तसं, आधी वाटलं काच पुसायला झालीय चष्म्याची, पण पुसली तरी दिसतंच, आणि ते वरचे काका परवा जिन्यात भेटले, त्यांच्या मुलीचं जमलं बरं का… तिच्या दृष्टीनं ती एक सुंदर गोष्ट होती. गवारीचा भाव आणि काकांच्या मुलीचं लग्न यांच्या मधोमध ती ठेवलेली होती, आणि मी तिच्यावर ‘हो ना’ म्हटलं होतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली सांभाळायची असते. डाव्या डोळ्यात रोज रात्री थेंब घालायचे, रात्र चुकवायची नाही.

मिरजेहून परत आल्यावर एका रात्री मी कपाटातून ‘एमा’ काढली. मुद्दाम काढली होती असं म्हणवत नाही. पण उघडली ती बॉक्स हिलवरच.

बॉक्स हिल ही सरे परगण्यातली खरीखुरी टेकडी आहे. उन्हाळ्यात हायबरीची मंडळी तिथं सहलीला जातात. दिवस सुरुवातीपासूनच बेसूर. फ्रँक जेनवर रुसून एमाच्या मागेपुढे करतोय, एमाला कंटाळा आलाय, आणि मग खेळ निघतो. प्रत्येकानं एमाला काहीतरी ऐकवायचं: एक अतिशय चतुर गोष्ट, किंवा दोन बऱ्यापैकी चतुर, किंवा तीन अगदी कंटाळवाण्या. मिस बेट्स लगेच आनंदानं म्हणतात, छान, मग मला चिंताच नको, तीन कंटाळवाण्या गोष्टी तर मी तोंड उघडताक्षणी बोलेन, नाही का? स्वतःबद्दल गावाचं मत काय आहे हे त्यांना माहीत आहे आणि ते त्या स्वतःच्या हातानं सगळ्यांपुढे ठेवताहेत. एमाला राहवत नाही.

“अहो, पण एक अडचण येईल. माफ करा हं, पण तुम्हाला आकड्याचं बंधन पडेल. एका वेळी फक्त तीन.”

यात एकही उणा शब्द नाही. ‘माफ करा’ आहे, आदरार्थी बोलणं आहे. ऑस्टिन सांगते की त्या बोलण्यातल्या खोट्या अदबीनं मिस बेट्सना आधी अर्थच लागला नाही. मग लागला. त्या रागावू शकल्या नाहीत, पण चेहऱ्यावर किंचित लाली आली, एवढंच. त्या नाइटलींकडे वळून म्हणाल्या, “हो… खरंच. कळलं मला त्यांना काय म्हणायचंय ते. मी गप्प राहायचा प्रयत्न करीन. मी फारच नकोशी होत असणार, नाहीतर एवढ्या जुन्या माणसाला त्या असं बोलल्या नसत्या.”

दोनशे पानं बोलत आलेल्या बाईचं हे फार छोटं बोलणं, आणि या एकाच वेळी त्यांचं बोलणं कुठेही भरकटत नाही. त्या गप्प होण्याचं वचन देतात. पहिल्या वाचनात एमाच्या त्या वाक्याला मी हसले होते, हे मला स्पष्ट आठवतं. पेन्सिलीनं बाजूला खूणही केली होती. ती अजून पुस्तकात आहे.

परत निघताना नाइटली एमाला गाडीपाशी गाठतात. त्या तुझ्या बरोबरीच्या श्रीमंत असत्या, ते म्हणतात, तर बोललीस म्हणून मी भांडलो नसतो. पण त्या गरीब आहेत. जन्मापासून जे सुख होतं त्यातून खाली आल्या आहेत, आणि म्हातारपणापर्यंत जगल्या तर आणखी खाली जातील. त्यांची परिस्थिती बघून तुला कणव यायला हवी होती. वाईट केलंस तू हे. एमाला उत्तर देता येत नाही. गाडी सुटते आणि घरापर्यंत तिच्या गालांवरून पाणी वाहत राहतं, ते थोपवण्याचाही ती प्रयत्न करत नाही.

ऑस्टिनच्या उपरोधाबद्दल बोलताना लोक तिची ती बारीक, धारदार, हसरी वाक्यं उद्धृत करतात. माझं मत असं झालंय की या कादंबरीत ती स्वतःच्या उपरोधाचीच झडती घेते. एमा बॉक्स हिलवर जे बोलते ते शैलीच्या दृष्टीनं अगदी ऑस्टिनचं वाक्य आहे: नेमकं, लयीत, वरून सभ्य. बेचाळीस प्रकरणं आपण ज्या प्रकारच्या वाक्यांवर हसत आलो, तसलंच एक वाक्य ती एमाच्या तोंडी घालते आणि मग समोरच्या माणसाचा चेहरा दाखवते.

उपहास कुणाचा करायचा याबाबत तिचा हात पक्का आहे. मिसेस एल्टन बघा. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्याची मुलगी, दहा हजारांच्या आसपासचा हुंडा घेऊन आलेली. तीही मिस बेट्सइतकीच अखंड बोलते. पण तिच्या बोलण्यात सतत ती स्वतः आहे, तिच्या मेव्हण्याचा बंगला आहे, त्याची दोन टपांची घोडागाडी आहे. मिस बेट्सच्या बोलण्यात इतर सगळे आहेत: सफरचंदं पाठवणारे, चष्मा दुरुस्त करणारे, वाटेत विचारपूस करणारे. त्यांच्या वाक्यांची मोजदाद केली तर निम्मी आभाराची निघतील. मिसेस एल्टनला ऑस्टिन शेवटच्या पानापर्यंत सोडत नाही. लग्नात पांढरं साटिन फारच कमी होतं ही तिची तक्रार अगदी अखेरच्या परिच्छेदात आहे.

मिस बेट्सबद्दलची माया कुठून आली असेल, हे ऑस्टिनच्या आयुष्यात डोकावलं की दिसतं. तिचे वडील स्टीव्हन्टनचे धर्मोपदेशक होते. 1805च्या जानेवारीत बाथ शहरात ते वारले, आणि आई व दोन अविवाहित मुली भावांनी काढून दिलेल्या पैशांवर आल्या. चार वर्षं इकडून तिकडे राहिल्यावर 1809मध्ये एडवर्ड या भावानं त्याच्या मालकीचं चॉटनचं घर त्यांना दिलं. ‘एमा’ तिथं लिहिली गेली. व्हिकरची अविवाहित मुलगी, विधवा आई, दुसऱ्याच्या घरात राहणं, लोकांच्या भेटींवर भागवणं. तीस हजारांची वारस एमा एका प्रकरणात हॅरिएटला ऐटीत सांगते की अविवाहित राहण्यात काही वाईट नाही, वाईट आहे ते गरीब अविवाहित असणं. तशी बाई पोरांच्या थट्टेचा विषय होते. हे वाक्य लिहिणाऱ्या बाईचं वय तेव्हा चाळिशीला टेकलं होतं. 1817च्या मार्चमध्ये फॅनी या भाचीला तिनं लिहिलं, “एकट्या बायकांना गरीब होण्याची भयंकर खोड असते.” चार महिन्यांनी, 18 जुलैला, विंचेस्टरमध्ये ती गेली. वय एक्केचाळीस.

दिवाळीनंतर मी पंधरा दिवस आत्याकडे जाऊन राहिले. तिला वाचनाचं वेड, आणि आता अक्षरं तिला लवकर थकवतात. एका संध्याकाळी तिनंच विचारलं, “तू हल्ली कसलं पुस्तक धरून बसतेस गं?” मग रोज रात्री थेंब घातल्यावर मी तिला ‘एमा’ वाचून दाखवायला लागले, इंग्रजीवर बोट ठेवून तोंडानं मराठी करत. भाषांतर कच्चं होतं; सर्वनामं घसरायची, मधेच मी थांबायचे. कोण कुणाशी लपवाछपवी करतंय हे मी तिला मुद्दाम सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या वुडहाउसांची पेज तिला फार पटली. मिस बेट्स आल्या की मी वेग वाढवणार नाही असं मनाशी ठरवलं होतं, आणि तशी गरजच पडली नाही. त्या बोलायला लागल्या की आत्या उशीवरून थोडी वर सरकायची.

अशा एका रात्री चष्म्याचं प्रकरण आलं. खिळी, धुराडं, भाजलेली सफरचंदं, सगळं झालं. मग मंडळी जिना चढून वर येतात. छोट्या खोलीत अगदी शांत आहे. म्हातारी मिसेस बेट्स हाताला काम नसल्यानं शेकोटीपाशी पेंगली आहे. फ्रँक टेबलाशी बसून तिच्या चष्म्यात गुंतला आहे. जेन पाठमोरी उभी, पियानोकडे तोंड करून.

“थांब,” आत्या म्हणाली. “म्हातारीचा चष्मा त्या मुलाच्या हातात आहे?”

“हो.”

“म्हणजे तिला दिसत नाहीय. म्हणून तर पेंगली बिचारी, विणायला तरी काय दिसणार. आणि मावशी गेली खाली दुकानात बोलवायला.”

“हो.”

“मग खोलीत बघणारं कोण होतं?”

मी पानाकडे बघत राहिले. हे प्रकरण मी तोवर तीनदा वाचलेलं होतं.

“जमलंय त्या दोघांचं,” आत्या म्हणाली. “किती वेळ लागतो गं एक खिळी बसवायला?”

मी पुढची ओळ वाचली. फ्रँकची सावत्र आई, मिसेस वेस्टन, खोलीत शिरताशिरता त्याला म्हणतात, काय हे, अजून झालंच नाही? या वेगानं चांदीकाम करायला बसलास तर पोट भरायचं नाही तुझं.

“बघ,” आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, “पण बसली का ती शेवटी नीट?”

मला आठवेना. त्या प्रकरणात सापडलं नाही. तिला झोप येत नव्हती, म्हणून मी पुढची पानं चाळत राहिले. दहा प्रकरणांनंतर, क्राउन खाणावळीतल्या नाचाच्या रात्री मिस बेट्स आत येतात आणि दारापासूनच बोलायला लागतात: पाऊस, शाली, दिव्यांचा लखलखाट, कोण कुठं बसलंय, छापील दीड पान, एकाही परिच्छेदाशिवाय. त्यात मधेच ते होतं. मी तिला वाचून दाखवलं. “अहो मिस्टर चर्चिल, सांगायचंच राहिलं, त्या दिवसापासून आईच्या चष्म्यानं कधी त्रास दिला नाही, खिळी पुन्हा निघालीच नाही.”

“बरं झालं,” आत्या म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. “आता ते सगळं सावकाश वाच. शालीपासून.”